तांडेलाची ताडपत्री

उमेळ्याच्या त्या लॉरी ड्रायव्हरला निर्मळपासून नायगावपर्यंत सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे मचव्यावरचा प्रमुख. हा माणूस होडीत बसला की काठ सुटायच्या आत त्याला ओकारी येई. त्याचं सगळं घराणं मिठागरावर राबलेलं. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की भरतीचं पाणी खाडीतून त्यांच्या वाफ्यांत येई आणि मीठ होऊन राही. तरी हे नाव त्याला चिकटलं, कारण लॉरी चालवताना त्याची नजर रस्त्यावर कमी आणि आभाळात जास्त असे. एक हात चाकावर, दुसऱ्या हाताचं कोपर खिडकीत, मान बगळ्यासारखी बाहेर काढलेली, आणि तोंड चालू.

"आला बग. अर्नाळ्यावरून निघाला. भुईगावला धरतोय आपल्याला."

भुईगाव येई आणि जाई. पाऊस येत नसे.

"फसवलं मेल्यानं," तो म्हणे, जणू कोणी ओळखीचा माणूस वेळ ठरवून आला नाही.

त्याचे अंदाज बहुतेक चुकत. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा माणसांवर लिहायला बसलं की लिहिणारे त्यांना ऋषी करून सोडतात. तांडेल ऋषी नव्हता. तो भांडखोर होता, हेकट होता, आणि स्वतःच्या आवाजावर त्याचं फार प्रेम होतं. त्याच्या शेजारी बसून मी किती तरी दिवस प्रवास केला; त्यातला एकही शांतपणे पार पडला नाही.

मी त्या वेळी पानमळेवाल्यांच्या संघात नोकरीला होतो. घर सांडोरला. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. स्वराज्याच्या आधी माझे काका ती भाताच्या कणगीत लपवत, आणि मी अक्षरं शिकलो ती त्यांच्या मथळ्यांवर. आई म्हणते, मी भातसुद्धा मागणी केल्यासारखा मागतो. असेल. मागणी करण्यात लाजण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नाही.

वसईची खायची पानं तेव्हा रोज दुपारच्या पार्सल गाडीने उत्तरेकडे जात. आदल्या संध्याकाळी मळ्यात पानं तोडायची, सकाळी घरच्या बायकांनी ती निवडून करंड्यांत रचायची, आणि भरलेली करंडी नेऊन रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायची. राखण नाही, पावती नाही. वर केळीचं हिरवं पान खोचलेलं असलं की करंडी जायला तयार आहे असं समजायचं. लॉरी येई, उचलून नेई. सांडोरला क्रुसापाशी, गिरीजला विहिरीपाशी, अशा जागा ठरलेल्या होत्या. वसई रोड स्टेशनच्या मालधक्क्यावर करंड्या नीट चढल्या की नाही हे बघणं माझं काम. म्हणून मी रोज तांडेलाशेजारी.

आता ताडपत्री. तोडलेल्या पानाची गंमत अशी, की त्याला पाऊस चालत नाही आणि झाकणही चालत नाही. पाणी आत साचलं तर पान कुजतं. उन्हात ताडपत्रीखाली कोंडलं तर तापतं आणि काळं पडतं. बदलीवर येणारे ड्रायव्हर निर्मळला ताडपत्री बांधत, वाटेतल्या करंड्या मागून आत सरकवत आणि ताडपत्री धक्क्यावरच सोडत. मध्ये पानांचं नशीब. तांडेलाला हे मान्य नव्हतं.

"मानसाला घोंगडी घालून उनात बसवशील काय?" तो मला विचारी.

"माणसाचं वेगळं."

"ह्येंचं पन तसंच. गाडीत चढेपर्यंत ती जिती हायेत."

म्हणून ऊन पडलं की लॉरी थांबे. तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने चढायचं, दोऱ्या सोडायच्या, ताडपत्री मागे गुंडाळायची. ढग आला की पुन्हा थांबा, पुन्हा चढा, पुन्हा बांधा. पाऊस सरत आल्याच्या दिवसांत आमच्या भागात आभाळाला स्वस्थता नसते. निर्मळच्या तळ्यावर लख्ख ऊन, भुईगावला भुरभुर, गिरीजला अंगाची लाही, आणि पापडी सोडून माणिकपूरच्या उघड्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या खाजणावरून, भरतीच्या दलदलीवरून, असा वारा, की बोललेलं वाक्य शेजारच्याच्या कानात न जाता मागच्या गावाला जाई. अशा दिवशी आमचा निम्मा वेळ लॉरीत आणि निम्मा लॉरीवर जाई. माझ्या हातांना दोरीचे घट्टे पडले. संघाच्या कचेरीत मी ते लोकांना दाखवत असे.

लॉरी लढाईनंतरच्या लिलावातली. पुढे हँडल मारून सुरू व्हायची, डावं दार काथ्याने बांधलेलं. तांडेल गाडी शिकला तो लढाईच्या काळात लष्कराच्या छावणीत, पाणी वाहून नेण्याच्या कामावर. कोणी शिकवलं असं विचारलं तर सांगे, "एक गोरा होता. त्याची भाषा मना कळायची नाय, माझी त्याला. म्हनून भांडन झालं नाय."

सुरुवातीला मी त्याला तुम्ही म्हणत असे. श्रमिकाला मान दिला पाहिजे, हे मी वाचलेलं होतं आणि मानतही होतो. तिसऱ्या दिवशी त्याने लॉरी थांबवली.

"तू मना तुमी म्हनतोस, तवा मना वाटतं मागं शेठ बसलाय. मी वळून बघतो. कदी आपटवीन गाडी."

मी तू म्हणायला लागलो. मग न्याय म्हणून लॉरीच्या मालकाला, शेठलाही तू म्हणायला लागलो, तेव्हा बराच गोंधळ झाला. पण ती हकिगत शेठची आहे, तांडेलाची नाही.

आयुष्यभर पानं वाहणारा हा माणूस पान खात नसे. धक्क्यावरचे हमाल त्याला चिडवत, विडा पुढे करत. तो हात मागे घेई. "ज्येंना रोज पोचवतो त्येंनाच चावू?" त्याची बायको मात्र खायची, आणि त्यावरून त्यांचं घरी वाजायचं असं ऐकलं.

एकदा गिरीजच्या पुढे भर पावसात एक फादर छत्री उलटलेली सांभाळत चालले होते. त्यांनी हात केला. तांडेल सहसा कोणाला लॉरीत घेत नसे, गावच्या पुढाऱ्यालाही त्याने एकदा "करंडी हायेस काय?" म्हणून रस्त्यात सोडलं होतं. फादरना त्याने घेतलं. ते बसले, झगा पिळला, देवाचे आणि तांडेलाचे आभार मानले, आणि तेवढ्यात ऊन पडलं.

"फादर, उतरा. ते टोक धरा."

फादर उतरले. पांढऱ्या झग्यासकट चाकावर पाय देऊन चढले. ताडपत्रीतलं साचलेलं पाणी नेमकं त्यांच्या अंगावर आलं. सांडोरपर्यंत त्यांनी तीनदा टोक धरलं, आणि उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी मी चालतच जाईन, तांडेला."

"या की. फादर, तुमचा हात बरा हाय दोरीला," तांडेल म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेली ही फार मोठी स्तुती होती. मला ती कधी मिळाली नाही.

शेठ माणिकपूरचा. लॉरी त्याची, आणि आमच्या बाजूला तेव्हा तेवढी एकच. मला तो आवडत नसे, अजूनही आवडत नाही. पण तो सैतान नव्हता. त्याला थांबलेली गाडी बघवत नसे, एवढंच. तांडेलाच्या थांब्यांमुळे पार्सल गाडी एक-दोनदा चुकली होती. एका सकाळी तो निर्मळला स्वतः आला, स्वतःच्या हाताने ताडपत्रीच्या गाठी मारल्या आणि म्हणाला, "ही धक्क्यावर सुटेल. मध्ये हात लावायचा नाही. आणखी एकदा गाडी चुकली की तू घरी."

"घरी काय वाईट हाय?" तांडेल म्हणाला.

पण मला माहीत होतं. घरी म्हणजे मिठागर. दसरा झाला की वाफे धरायचे आणि पावसाळ्यापर्यंत खारट पाण्यात उभं राहायचं. त्याच्या भावाचे तळपाय मी पाहिले होते. भेगांत बोट जाईल असे. त्या पाण्यातून सबंध घराण्यात हा एकटा वर आला होता, तो ह्या लॉरीवर चढून. लॉरी गेली की तो परत पाण्यात.

मी त्याला म्हटलं, "संघात अर्ज देऊ. शेठला असा हुकूम करता येत नाही."

"करून झाला की."

"आपण विरोध करू."

"तू कर. मी गाडी चालवतो."

त्यानंतर दोनच दिवसांनी ते झालं. सकाळी निर्मळला असं ऊन होतं की तळ्याकडे बघवत नव्हतं. शेठची माणसं गाठी मारून गेली. भुईगावपर्यंत तांडेल गप्प होता, आणि तो गप्प असला की मला भीती वाटे. गिरीजला त्याने लॉरी थांबवली, मागे गेला, ताडपत्रीखाली हात घातला.

"तापली."

"तांडेल, आज नको. गाडी चुकली तर…"

"हात घालून बग."

मी हात घातला. खरंच ऊबट वाफ होती आत. गाठी सुटल्या. पुढे सांडोरला क्रुसापाशी मारियाबायच्या करंड्या उचलल्या. ती फाटकात उभी होती. तिचा मळा आमच्या घरामागेच. पानांच्या बाबतीत ती कोणावर विश्वास ठेवत नसे, तांडेल सोडून. "आज पडणार का रे, तांडेला?" तिने विचारलं.

"टिपूस नाय," तो म्हणाला.

पापडी सोडली आणि पश्चिमेकडून काळं येताना दिसलं. आम्ही थांबलो, चढलो, ताडपत्री अर्धी ओढली, आणि खाजणावरच्या वाऱ्याने ती आमच्या हातांतून काढून घेतली. मोठ्या घारीसारखी ती रस्ता ओलांडून गेली आणि चिखलात जाऊन बसली. तांडेल मागोमाग उतरला. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मी काठावरून ओरडत होतो. तो ती ओढत होता आणि आभाळाशी बोलत होता. काय बोलत होता ते लिहिण्यासारखं नाही. ताडपत्री आली ती मधोमध फाटून आणि चिखलाने दुप्पट जड होऊन.

पावसाचे थेंब पडायला लागले. शेजारच्या शेतात बायका काम करत होत्या, डोक्यापासून कमरेपर्यंत पानांची इरली घेतलेल्या. तांडेल बांधावर गेला.

"बायांनो, इरली द्या."

"आणि आम्ही काय भिजू?" एक म्हणाली.

"तुमी भिजून सुकता. ही सुकत नाय."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने काढलं, मग सगळ्यांनी काढली. आम्ही ती करंड्यांवर पालथी रचली. माल झाकला गेला आणि आत वाराही खेळता राहिला. तांडेल इतका खूश झाला की त्याने लॉरीभोवती एक फेरी मारली. पाठीवर कासवं घेऊन निघाल्यासारखी आमची लॉरी पावसातून माणिकपुरात शिरली. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पार्सल गाडीचा शेवटचा डबा दिसत होता, जाताना. शेठ फलाटावर उभा होता. त्याने इरल्यांकडे पाहिलं, फाटक्या ताडपत्रीकडे पाहिलं, मग हात पुढे केला. तांडेलाने हँडल त्याच्या हातात दिलं.

"बरं," तांडेल म्हणाला. एवढंच. करंड्या पुढच्या गाडीने गेल्या. त्या कशा पोचल्या ते कधी कळलं नाही. तक्रार आली नाही म्हणजे ताजी पोचली, असं तो म्हणे. तिकडे कोणी तोंड उघडायला उरलं नसेल, असं शेठ म्हणे. तांडेल इरली परत द्यायला चालत गेला.

मी सायकलने त्याच संध्याकाळी सांडोर, गिरीज, भुईगाव पालथं घातलं. म्हटलं, उद्या करंडी रस्त्यावर ठेवायची नाही. तुमच्या पानांसाठी ज्याची नोकरी गेली, तो परत लॉरीवर बसेपर्यंत एकही करंडी नाही. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल. लागली नाही. मारियाबाय म्हणाली, "त्याला हात लावणारा कोण तो?" निर्मळला तर माझ्या आधीच बातमी पोचली होती.

सकाळी शेठने पालघरकडून आणलेला नवा ड्रायव्हर रिकाम्या रस्त्यावरून रिकामी लॉरी घेऊन आला. क्रुसापाशी करंडी नाही. विहिरीपाशी नाही. तो तरणा पोरगा खाली उतरून इकडेतिकडे बघत होता, जत्रा चुकलेल्या माणसासारखा. अकराच्या सुमारास शेठ स्वतः टांग्याने सांडोरला आला. मारियाबायच्या फाटकात आम्ही वीस-पंचवीस माणसं होतो. सगळ्यांच्या करंड्या घरात.

"उद्यापासून घेतो त्याला," शेठ म्हणाला. "आजचा माल सोडा."

"आज घे," मी म्हणालो. "लॉरीवर बसव, मग माल."

त्याने घड्याळ पाहिलं. घाम पुसला. तो बोलणार होता. त्याचं तोंड उघडलेलं मला अजून दिसतं.

तेवढ्यात तांडेल आला. भावाच्या सायकलवरून, उमेळ्याहून, भिजलेला आणि घामाने परत भिजलेला. शेठकडे न बघता तो मारियाबायच्या ओटीवर चढला आणि करंडीत कोपरापर्यंत हात घातला.

"ह्येंना ताप आलाय," तो ओरडला. "कवापासून कोंडलीत?"

"तुझ्यासाठीच ठेवलीत रे," मारियाबाय म्हणाली.

"माझ्यासाठी कुजवतेस? माझं बारसं हाय काय?"

"अरे, शेठ घेतोय तुला परत. थांब जरा."

"मी थांबतो. ही थांबतात काय, विचार त्येंना."

आणि त्याने करंडी डोक्यावर घेतली. मी आडवा गेलो. मी त्याला सांगितलं की अजून पाच मिनिटं, पाचच, आणि तू जिंकलास. तो माझ्या बाजूने निघून गेला. करंडी क्रुसापाशी उभ्या असलेल्या लॉरीत ठेवली, दुसरी आणायला गेला. मग कोणी थांबलं नाही. ज्याच्यासाठी माल अडवला तोच उचलतोय म्हटल्यावर अडवायचं कोणासाठी? माणसं घरांकडे धावली. शेठने कपाळावरचा घाम पुन्हा पुसला, पण आता वेगळ्या तऱ्हेने. "उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला आणि टांग्यात बसला.

माल पार्सल गाडीला वेळेवर पोचला. वाटेत नवा पोरगा लॉरी चालवत होता आणि तांडेल मागे करंड्यांवर बसून त्याला ओरडून थांबवत होता. धक्क्यावर शेठने त्याच्यासमोरच पोराला सांगितलं, "उद्यापासून तूच."

मी संतापलो होतो. फलाटाच्या टोकाला मी तांडेलाला गाठलं.

"तू तुझी नोकरी स्वतःच्या हाताने घालवलीस. आणि आमचा हरताळही."

"हरताळ चांगला होता तुझा," तो म्हणाला. "पन पानं तोडायच्या आदी करायचा."

"तुला काढलं दुपारी. सगळी गावं फिरेपर्यंत संध्याकाळ. तोवर पानं तोडून झाली होती. मी कधी करायचा?"

"मग दुसऱ्या दिवशी करायचा. मी कुटं मरतोय?"

"अन्याय झाला की त्याच क्षणी उठायचं असतं."

"हे कागदावर लिही. मारियाबायच्या ओटीवर नको."

मला अजूनही वाटतं की त्याने पाच मिनिटं थांबायला हवं होतं. पाच मिनिटांत पान मरत नाही, मीही पानमळ्यातच वाढलो आहे. पण सायकलवर टांग मारताना मी विचारलं, "तोडायच्या आधी केला तर येशील?"

"बोलाव तर खरं."

मी बोलावलं. त्या संध्याकाळी मळ्यांत कोणी शिरलं नाही. वेलीवरचं पान वेलीवर राहिलं. थोडं जून होतं, दुसरं काही बिघडत नाही. ज्याने पहिला हरताळ मोडला, तो दुसऱ्याचा भोंगा झाला. निर्मळपासून पापडीपर्यंत तांडेल बांधाबांधावर उभा राहून ओरडत होता, "नख लावू नका," आणि मळेवाले त्याला आतून ओरडत, "कळलं, आता जा." आमच्या मागण्या दोन: तांडेल लॉरीवर, आणि ताडपत्रीचं काय करायचं ते मालवाले ठरवतील. दुसऱ्या दिवशी सोपाऱ्याचा एक लॉरीवाला संघात येऊन गेला, मला तुमचा माल द्या म्हणून. ते शेठला कळलं. तिसऱ्या दिवशी त्याने दोन्ही मागण्या मान्य केल्या.

मी आणि तांडेल माणिकपूरला गेलो तेव्हा दुपार होती. ऊन, मग शिंतोडे, मग पुन्हा ऊन. लॉरी शेठच्या दाराशी होती आणि तिच्या पायरीवर तो पालघरचा पोरगा बसला होता. शेजारी पत्र्याची पेटी, वळकटी. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि हँडल पुढे केलं. तांडेलाने ते घेतलं नाही.

"खोली घेतली होतीस हितं?"

"हो. बायकोला आणणार होतो पुढच्या आठवड्यात." मग तो माझ्याकडे वळला. अगदी नम्रपणे बोलला. "साहेब, शेठ म्हणाले संघवाल्यांना विचार. माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"मग?"

मला तेव्हा पुष्कळ बोलता आलं असतं. शेठने त्याला कशासाठी आणलं, एका कामकऱ्याच्या जागी दुसरा बसवणं ही मालकांची जुनी रीत कशी, हे सगळं मला पाठ होतं आणि ते खरंही होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बोल ना," तांडेल म्हणाला. "रोज एवढं बोलतोस. ह्याचं पन काड एक पत्रक."

तो चेष्टा करत होता की नव्हता, हे मला कळलं नाही. त्याने पोराची पेटी उचलून लॉरीत टाकली आणि हँडल मारलं.

"कुठे?" मी विचारलं.

"बस."

आम्ही तिघे पुढे बसलो, मी मध्ये. मागे काहीच नव्हतं, म्हणून ताडपत्रीचा प्रश्न नव्हता, आणि लॉरी पहिल्यांदाच वाटेत कुठे न थांबता गेली. तांडेल आभाळाकडेही बघत नव्हता. पोरगा एकदा म्हणाला, "दुसऱ्या गियरला ही अडते." तांडेल म्हणाला, "तिला चिडवायचं नाय."

सोपाऱ्याचा तो लॉरीवाला चाकाला हवा भरत होता. मी उतरून त्याला सांगितलं, संघाचा माल तुला देता आला नाही, पण एक चांगला ड्रायव्हर आहे, काम दे.

त्याने पंप थांबवला. "तुमचा कोण लागतो?"

मागून खिडकीतून तांडेलाची मान बाहेर आली.

"आमी दोगांनी मिळून त्याची नोकरी खाल्ली," तो म्हणाला. "आता तू दे."

सोपारेवाल्याने आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं. मग पोराकडे वळला आणि आपल्या लॉरीकडे बोट केलं.

"हँडल मारून दाखव."

पोराने पेटी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या.